न्यूट्रॉन ताऱ्याइतके दाट असलेले आरंभीचे विश्व कृष्णविवर का झाले नाही?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. महास्फोटानंतरच्या पहिल्या क्षणांत विश्वाची घनता न्यूट्रॉन ताऱ्याच्या, म्हणजे जड तारा कोसळून उरलेल्या अतिदाट गोळ्याच्या, गाभ्याहूनही जास्त होती असे वाचनात येते, आणि न्यूट्रॉन ताऱ्यावर थोडे अधिक वस्तुमान पडले तर तो कोसळून कृष्णविवर होतो असेही वाचनात येते. मग त्या वेळी सगळे विश्वच कृष्णविवर का झाले नाही? आणि न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्यात आज जे आहे, तो त्या आरंभीच्या पदार्थाचाच उरलेला नमुना मानावा का? आपण अभियंता आहात आणि श्वार्झशिल्ड त्रिज्येचे, म्हणजे एखादे वस्तुमान जेवढ्या त्रिज्येत दाबले की कृष्णविवर होते त्या त्रिज्येचे, सूत्र वापरून केलेला हिशेबही आपण सोबत दिला आहे. आकडेमोड बरोबर आहे. सूत्र लावण्याची जागा मात्र चुकली आहे. शिवाय आपल्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, आणि त्या गुंत्याचे मूळ ‘घनता’ या एका शब्दावर टाकलेल्या अवाजवी विश्वासात आहे.

उत्तराआधी माझी मर्यादा सांगतो. मी विश्वरचनाशास्त्राचा सैद्धांतिक अभ्यासक नाही. गेली वीस-बावीस वर्षे पल्सारांचे, म्हणजे गरगर फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांचे, स्पंद नेमके कोणत्या क्षणी पोचतात हे मोजण्याचे माझे काम आहे, आणि त्यातला बराच काळ नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांत गेला आहे. आरंभीच्या विश्वाबद्दल मी जे लिहितो ते आता पाठ्यपुस्तकांत स्थिरावलेले ज्ञान आहे. न्यूट्रॉन ताऱ्याच्या अगदी आतल्या भागाबद्दलचे काही निष्कर्ष मात्र अजून गृहीतांवर अवलंबून आहेत, आणि तसे जिथे असेल तिथे मी सांगेन.

प्रथम मापे पाहू. अणुकेंद्रकातल्या पदार्थाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे २७ कोटी टन असते. न्यूट्रॉन ताऱ्याचे साधारण एक किलोमीटर जाडीचे कवच ओलांडून आत गेले की ही घनता गाठली जाते आणि केंद्राशी ती तिच्या काही पट होते. किती पट, हे ताऱ्याचे वस्तुमान किती आणि आतला पदार्थ किती ताठर यांवर अवलंबून आहे. आरंभीच्या विश्वाचा हिशेब याहून सोपा आहे, कारण त्या काळात विश्वात प्रारणाचे, म्हणजे प्रकाशाचे आणि जवळपास त्याच वेगाच्या कणांचे, प्राबल्य होते आणि अशा विश्वाची घनता केवळ त्याच्या वयावरून ठरते. साडेचार लाख ग्रॅम या आकड्याला सेकंदांत मोजलेल्या वयाच्या वर्गाने भागले की दर घन सेंटिमीटरची घनता मिळते. वय एक सेकंद असताना ती साडेचारशे किलो होती, म्हणजे श्वेत बटू ताऱ्यांच्या, इंधन संपून आक्रसलेल्या ताऱ्यांच्या, पंगतीला बसणारी. वय दहा मायक्रोसेकंद असताना ती अणुकेंद्रकाच्या सोळा-सतरा पट होती. आणि ती बरोबर अणुकेंद्रकाइतकी केव्हा होती असे विचारले, तर सूत्रातून उत्तर येते: वय सुमारे ४० मायक्रोसेकंद असताना.

इथे क्षणभर थांबण्यासारखे आहे. ४० मायक्रोसेकंदांत प्रकाश १२ किलोमीटर जातो, आणि न्यूट्रॉन ताऱ्याची त्रिज्याही १२ किलोमीटरच्या आसपासच आहे. नव्या विद्यार्थ्यांना मी हा हिशेब फळ्यावर करायला लावतो आणि योगायोग म्हणून सोडून देऊ देत नाही. गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक, प्रकाशाचा वेग आणि घनता या तीन राशींतून लांबीचे माप एकाच प्रकारे बनवता येते. त्या घनतेचा पदार्थ साधारण तेवढ्या लांबीच्या प्रदेशात भरला की त्याचे गुरुत्वाकर्षण प्रकाशालाही जाणवण्याइतके तीव्र होते. न्यूट्रॉन तारा या मर्यादेच्या अगदी काठावर उभा असतो, म्हणून त्याची त्रिज्या त्या मापाची. आणि विश्वाच्या प्रसरणाचा वेग त्याच तीन राशींतून ठरतो, म्हणून त्याचे त्या काळचे क्षितिजही, म्हणजे तोवर प्रकाशाला गाठता आलेले अंतरही, त्याच मापाचे. प्रसरण धरून नेमका हिशेब केला तर ही त्रिज्या १२ ऐवजी २४ किलोमीटर येते. त्या घनतेच्या २४ किलोमीटर त्रिज्येच्या गोलात सुमारे आठ सूर्यांचे वस्तुमान मावते, आणि आठ सूर्यांची श्वार्झशिल्ड त्रिज्या काढली तर तीही २४ किलोमीटरच येते. आपण हाच हिशेब केला आणि म्हणालात, “म्हणजे हे कृष्णविवरच झाले.”

आता हाच हिशेब आजच्या विश्वाला लावून पाहा. आजची सरासरी घनता, सगळे काही धरून, दर घनमीटरला हायड्रोजनच्या पाच-सहा अणूंइतकी आहे, म्हणजे आपण प्रयोगशाळेत करू शकतो त्या निर्वातापेक्षा कितीतरी विरळ. प्रसरणाच्या आजच्या वेगावरून येणारी त्रिज्या १४०० कोटी प्रकाशवर्षांहून थोडी जास्त आहे. तेवढ्या गोलातले वस्तुमान काढून त्याची श्वार्झशिल्ड त्रिज्या काढली, तर उत्तर पुन्हा तेच, १४०० कोटी प्रकाशवर्षांहून थोडे जास्त. दहा मायक्रोसेकंदांना लावा, एक सेकंदाला लावा, आजच्या दिवसाला लावा, दोन्ही बाजू सारख्याच येतात. जे सूत्र प्रत्येक काळी एकच निकाल देते, त्यावरून ‘आता कोसळणार’ असा अर्थ काढता येत नाही. सपाट भूमितीच्या विश्वात प्रसरणाचा वेग आणि घनता यांचे जे नाते असते, तेच आपण दुसऱ्या वाटेने पुन्हा काढलेले आहे.

श्वार्झशिल्डने १९१६ मध्ये जे उत्तर मांडले ते एकाकी, गोलाकार वस्तुमानाचे आहे, ज्याच्या बाहेर सगळीकडे पोकळी आहे. न्यूट्रॉन तारा या अटीत बसतो: त्याला केंद्र आहे, पृष्ठभाग आहे, आणि पृष्ठभागाबाहेर जवळपास काही नाही. आरंभीच्या विश्वाला ना केंद्र होते, ना पृष्ठभाग, ना बाहेर. आपण ज्या २४ किलोमीटरच्या गोलाचा हिशेब केला, त्याच्या पलीकडेही तसाच आणि तेवढाच दाट पदार्थ सर्व दिशांना पसरलेला होता. शिवाय तो स्थिर नव्हता. प्रत्येक भाग दुसऱ्यापासून दूर जात होता आणि वय दुप्पट झाले की घनता एक चतुर्थांश होत होती. त्या पदार्थाच्या गुरुत्वाकर्षणाने प्रसरण मंदावत नेले, पण ते थांबवण्याइतके बळ त्यात नव्हते.

या ठिकाणी दाबाविषयीचा एक गैरसमज मी वरचेवर पाहतो, आणि आपल्या प्रश्नाच्या शेवटच्या वाक्यातही तो डोकावतो: त्या वेळी दाब प्रचंड होता म्हणून विश्व फुगत राहिले. अभियंत्याला हे चटकन पटेल की पत्र्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब असेल तर पत्रा कुठेच सरकत नाही. ताऱ्यात आतला दाब जास्त आणि बाहेरचा कमी असतो, आणि त्या फरकामुळे तारा उभा राहतो. एकसारख्या विश्वात तो फरकच नाही, त्यामुळे दाबाने काही ढकलले जात नाही. उलट सामान्य सापेक्षता सिद्धांतानुसार दाब स्वतःही गुरुत्वाकर्षण निर्माण करतो. प्रारणप्रधान विश्वात त्यामुळे प्रसरणाला लागणारा लगाम दुपटीने आवळला गेला होता. न्यूट्रॉन ताऱ्याच्या कमाल वस्तुमानाला मर्यादा पडते तीही अंशतः याच कारणाने. तारा सावरायला दाब वाढवावा, तर त्या दाबाचेच गुरुत्वाकर्षण ताऱ्याला आणखी दाबते, आणि एका टप्प्यानंतर हा व्यवहार तोट्याचा होतो.

आणि केवळ जास्त घनता म्हणजे कृष्णविवर, हेही खरे नाही. निकष वस्तुमान आणि त्रिज्या यांच्या गुणोत्तराचा आहे. २०१९ मध्ये ज्याची पहिली प्रतिमा प्रसिद्ध झाली, त्या एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचे वस्तुमान सुमारे ६५० कोटी सूर्यांइतके आहे. त्याच्या क्षितिजाच्या, म्हणजे ज्याच्या आतून प्रकाशही सुटत नाही त्या सीमेच्या, आतली सरासरी घनता काढली तर ती आपल्या खोलीतल्या हवेच्या निम्म्याहूनही कमी भरते.

आरंभीच्या विश्वात कृष्णविवरे होणे अगदीच अशक्य होते असे मात्र नाही. त्यासाठी एखादा भाग शेजारच्या भागांपेक्षा बराच अधिक दाट असावा लागला असता, इतका की प्रसरणाने तो विरळ होण्याआधी आणि दाबाने सपाट होण्याआधी त्याने स्वतःला आवरून घेतले असते. हा फरक सरासरीच्या निम्म्याच्या जवळपास लागतो. वैश्विक सूक्ष्मलहरी प्रारणात, म्हणजे आरंभीच्या उष्ण विश्वाच्या आजवर उरलेल्या प्रकाशात, मोठ्या अंतरांवर जो फरक मोजला गेला आहे, तो लाखात एक या मापाचा आहे. फार लहान अंतरांवर तो याहून मोठा असू शकतो की नाही, यावर सगळे अवलंबून आहे. झेल्डोविच आणि नोविकोव यांनी १९६० च्या दशकात आणि हॉकिंग यांनी १९७१ मध्ये ही शक्यता मांडली. अशा आद्य कृष्णविवराचा निर्विवाद पुरावा आजवर मिळालेला नाही.

इथवरचे थोडक्यात: आरंभीचे विश्व दाट होते, पण सगळीकडे सारखेच दाट होते आणि पसरत होते, म्हणून ते एका जागी कोसळले नाही, न्यूट्रॉन तारा हा पोकळीतला एकटा गोळा असल्याने त्याला मात्र प्रत्येक क्षणी तोल सांभाळावा लागतो.

आता दुसरा भाग, जो मला अधिक जिव्हाळ्याचा आहे. घनता सारखी असलेल्या या दोन पदार्थांचे साम्य त्या एका आकड्यापाशीच संपते. ४० मायक्रोसेकंदांच्या विश्वातला एक घन सेंटिमीटर घेतला तर त्यातल्या २७ कोटी टनांमध्ये प्रकाशकण, न्यूट्रिनो, इलेक्ट्रॉन आणि त्यांचे प्रतिकण, म्यूऑन, पायॉन अशीच गर्दी होती. कण आणि प्रतिकण जोडीने जन्मत होते आणि जोडीने नाहीसे होत होते. सगळ्या जोड्या मिटल्यावर उरेल असा शिलकी पदार्थ, ज्यातून पुढे तारे, ग्रह आणि आपण झालो, तो त्या २७ कोटी टनांत अवघा दोन-अडीचशे किलो होता. आजही विश्वात एका प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे सुमारे १६० कोटी प्रकाशकण आहेत, ही त्याच हिशेबाची खूण आहे. न्यूट्रॉन ताऱ्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये मात्र २७ कोटी टनच्या २७ कोटी टन शिलकी पदार्थ असतो. प्रतिकण नाहीत, आणि प्रकाशकणांचा वाटा नगण्य.

तापमानाचेही तसेच. त्या काळचे विश्व एक लाख कोटी अंशांहून अधिक तापलेले होते आणि त्याचा सगळा दाब उष्णतेचा होता. न्यूट्रॉन ताऱ्याचा गाभा जन्मानंतर काही वर्षांतच शंभर कोटी अंशांच्या खाली उतरतो. हे ऐकायला प्रचंड वाटते, पण त्या घनतेला न्यूट्रॉनांना जी हालचालीची ऊर्जा सक्तीने बाळगावी लागते ती याच्या शेकडो पट असते, त्यामुळे आमच्या भाषेत तो पदार्थ ‘थंड’ आहे. ही सक्ती पाउलीच्या अपवर्जन तत्त्वातून येते: एकाच अवस्थेत दोन न्यूट्रॉन बसू शकत नाहीत, म्हणून जागा कमी पडली की त्यांना अधिकाधिक वेगाच्या अवस्था पत्कराव्या लागतात, आणि तारा शून्य अंशापर्यंत निवला तरी तो दाब जात नाही. इलेक्ट्रॉनांच्या अशाच दाबावर श्वेत बटू तारे उभे असतात. १९३० मध्ये मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघालेल्या चंद्रशेखरांनी याच दाबाला सापेक्षता सिद्धांत लावला आणि त्यातून पुढे १.४ सूर्यांची मर्यादा आली. न्यूट्रॉनांसाठी तसाच हिशेब ओपेनहायमर आणि व्होलकॉफ यांनी १९३९ मध्ये केला, तेव्हा मर्यादा आली अवघी ०.७ सूर्य. प्रत्यक्षात १.४ सूर्यांचे न्यूट्रॉन तारे सर्रास सापडतात, कारण अगदी जवळ आलेले न्यूट्रॉन एकमेकांना दूरही लोटतात आणि त्या हिशेबात ते बळ धरलेले नव्हते.

एक नकाशा डोळ्यांसमोर आणा. उभ्या अक्षावर तापमान आणि आडव्या अक्षावर शिलकी पदार्थाचे प्रमाण. आरंभीचे विश्व या नकाशावर उभ्या अक्षाला चिकटून वरून खाली उतरले. न्यूट्रॉन तारे आडव्या अक्षाला चिकटून उजवीकडे बसलेले आहेत. उभ्या अक्षावर सुमारे १.८ लाख कोटी अंशांपाशी, म्हणजे विश्वाचे वय साधारण २० मायक्रोसेकंद असताना, मोकळे क्वार्क आणि त्यांना बांधणारे ग्लुऑन यांचे प्रोटॉन-न्यूट्रॉनांत रूपांतर झाले. हे रूपांतर पाणी उकळून वाफ व्हावी तसे झटक्याने झाले नाही, ते लोणी हळूहळू मऊ पडावे तसे सलग झाले, हे २००६ मध्ये संगणकीय जालकावर केलेल्या गणितांनी दाखवले. अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत २००० पासून आणि युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत २०१० पासून जड केंद्रकांच्या टकरींतून ही अवस्था क्षणमात्र निर्माण करता येते, आणि तो पदार्थ वायूसारखा विरळ न वागता जवळपास घर्षणरहित द्रवासारखा वाहतो, असे तिथे आढळले.

नकाशाच्या उजवीकडे मात्र हीच गणिते अडतात. तिथे शिलकी पदार्थ आला की गणितातली संभाव्यतेची भारमूल्ये धन राहत नाहीत आणि संगणकाची नमुना घेण्याची पद्धतच कोलमडते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राजीव गवई आणि सौरेंदु गुप्ता यांनी उभ्या अक्षापासून थोडे उजवीकडे सरकण्यासाठी श्रेणीविस्ताराची वाट चोखाळली. ती वाट न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. म्हणून नकाशाचा तो कोपरा समजून घ्यायचा तर ताऱ्यांनाच विचारावे लागते, आणि माझे काम इथे सुरू होते.

आम्ही ताऱ्याच्या आत पाहू शकत नाही, पण त्याचे वजन करू शकतो. पल्सार जर श्वेत बटूभोवती फिरत असेल आणि त्यांची कक्षा आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसत असेल, तर प्रत्येक फेरीत एकदा पल्सारचे स्पंद त्या साथीदाराच्या अगदी जवळून येतात आणि त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे किंचित उशिरा पोचतात. याला शापिरो विलंब म्हणतात. २०१० मध्ये पीएसआर जे१६१४-२२३० या पल्सारसाठी हा विलंब मोजला गेला. तो जेमतेम पन्नास मायक्रोसेकंदांच्या आसपास होता. त्यावरून साथीदाराचे वस्तुमान, आणि त्यावरून पल्सारचे वस्तुमान जवळपास दोन सूर्य निघाले. ऐकायला सोपे वाटते, पण मोजणाऱ्याची खरी परीक्षा इतर विलंब वेगळे काढण्यात असते. ताऱ्यांमधल्या आणि सूर्याजवळच्या विरळ इलेक्ट्रॉनांमुळेही स्पंद रेंगाळतात, आणि तो परिणाम कमी वारंवारतेला अधिक दिसतो. जीएमआरटीसारखी कमी वारंवारतेची दुर्बीण तो नेमका मोजायला उपयोगी पडते. एका वर्षी सूर्य आमच्या एका पल्सारच्या दिशेजवळून सरकत असताना मिळालेले विलंब मी काही आठवडे मोठ्या उत्साहाने साथीदाराच्या खात्यावर टाकत होतो. सूर्य दूर गेला आणि ते विलंबही गेले. तेव्हापासून सूर्याजवळच्या दिवसांच्या नोंदी मी वेगळ्या ठेवतो.

दोन सूर्यांचे न्यूट्रॉन तारे असतात, एवढ्या एका वाक्याने अनेक सिद्धांत मोडीत निघाले. दाट गाभ्यात न्यूट्रॉनांचे हायपेरॉन नावाच्या जड कणांत रूपांतर होईल असे साधे गणित सांगते, पण तसे झाले तर पदार्थ मऊ पडतो आणि दोन सूर्यांचे ओझे पेलत नाही. पुढे पीएसआर जे०७४०+६६२० या पल्सारचे वस्तुमान सुमारे २.०८ सूर्य निघाले, आणि अंतराळस्थानकावरच्या नायसर या क्ष-किरण उपकरणाने २०२१ मध्ये त्याची त्रिज्या साडेबारा ते पावणेचौदा किलोमीटरच्या दरम्यान असल्याचे सुचवले. त्या मापातली अनिश्चितता अजून एका किलोमीटरहून जास्त आहे, आणि ताऱ्यावरचे उष्ण डाग कसे मांडले यावरही ती अवलंबून आहे. तरीही एक गोष्ट ठळक दिसते. पदार्थ जितका ताठर, तितका त्यातला ध्वनी वेगवान. आरंभीच्या उष्ण विश्वात ध्वनीचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ५८ टक्क्यांपर्यंत, किंवा त्याहून कमी, होता. दोन सूर्यांचा भार पेलणाऱ्या थंड गाभ्यात तो कुठेतरी त्याहून जास्त असावा असे बहुतेक विश्लेषणे सांगतात. म्हणजे तेवढ्याच घनतेला उष्ण पदार्थ मऊ आणि थंड पदार्थ ताठर. सर्वांत जड ताऱ्यांच्या अगदी मध्यभागी क्वार्क मोकळे झालेले असतील का? काही गट होय म्हणतात. माझ्या मते आजच्या त्रिज्यामापनांवर तो निष्कर्ष उभा करणे घाईचे आहे.

‘उरलेला नमुना’ ही आपली कल्पना १९८४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ विटेन यांनी गंभीरपणे मांडलेल्या एका शक्यतेच्या जवळ जाते. क्वार्कांचे रूपांतर झटक्याने झाले असते तर काही क्वार्क पदार्थ गोळ्यांच्या रूपाने अडकून आजवर टिकला असता, असे त्यांनी सुचवले. रूपांतर सलग झाले हे कळल्यावर त्या कल्पनेचा मुख्य आधार गेला. न्यूट्रॉन ताऱ्यातला पदार्थ आरंभापासून राखून ठेवलेला नाही. तो एखाद्या जड ताऱ्याचा लोखंडी गाभा सेकंदाच्या अंशात कोसळल्यावर नव्याने बनतो.

आता आपला शेवटचा उपप्रश्न, चमच्याचा: न्यूट्रॉन ताऱ्यातला एक चमचा पदार्थ बाहेर काढला तर काय होईल? २८ फेब्रुवारीला खोडदला विज्ञान दिनाचे प्रदर्शन भरते आणि तिथे मीही कैक वर्षे ‘न्यूट्रॉन ताऱ्याचा एक चमचा म्हणजे शंभर कोटी टन’ असे सांगत आलो. एका वर्षी एका शाळकरी मुलीने विचारले, “सर, चमच्यात काढल्यावर ते तसंच राहील का?” राहणार नाही. ताऱ्याच्या वजनाने ते दाबून धरलेले असते. ते वजन काढले की तो पदार्थ प्रकाशाच्या वेगाच्या दशांशाहून अधिक वेगाने उसळेल. ताऱ्यात न्यूट्रॉन टिकतात, कारण त्यांच्या क्षयातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनला तिथे बसायला रिकामी अवस्थाच नसते. बाहेर आल्यावर त्यांचा क्षय सुरू होतो, आणि मोकळ्या न्यूट्रॉनचे सरासरी आयुष्य पंधरा मिनिटांच्या आत आहे.

हा चमचा निसर्गाने एकदा आमच्यासमोर उपडा केला. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी नोंदल्या गेल्या, आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत आला. सूर्याच्या काही शतांश वस्तुमानाचा पदार्थ प्रकाशाच्या वेगाच्या एक ते तीन दशांश वेगाने बाहेर फेकला गेला. तो पसरताना त्यातल्या बीज केंद्रकांवर न्यूट्रॉनांचा असा मारा झाला की काही सेकंदांत जड केंद्रके तयार झाली, आणि त्यांच्या किरणोत्सर्गी क्षयाची चमक दुर्बिणींना कित्येक दिवस दिसली. सोने आणि प्लॅटिनम ज्या प्रक्रियेतून येतात ती हीच.

आरंभीच्या विश्वातही न्यूट्रॉन होते आणि तेही पसरत होते, मग तिथे सोने का झाले नाही, असे आपण आता विचाराल. कारण तिथे प्रत्येक न्यूट्रॉनमागे अब्जावधी प्रकाशकण होते. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जोडले जाऊन ड्यूटेरॉन झाला की कोणीतरी तापट प्रकाशकण तो लगेच फोडत असे. तापमान शंभर कोटी अंशांच्या खाली येऊन ही मोडतोड थांबेपर्यंत जवळपास तीन मिनिटे गेली, सात प्रोटॉनांमागे एकच न्यूट्रॉन उरला, आणि साध्या पदार्थाची घनता आपल्या खोलीतल्या हवेच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही कमी झालेली होती. इतक्या विरळ पदार्थात हेलियमच्या पुढे जाणे जवळपास शक्यच नव्हते. वस्तुमानाने एक चतुर्थांश हेलियम झाला आणि बाकी हायड्रोजन राहिला. एकेकाळी घनता सारखी असलेल्या दोन पदार्थांपैकी एकातून हेलियम आला आणि दुसऱ्यातून सोने.

दोन जड तारे आदळल्यावर क्षणभर जे तापते, ते पन्नास हजार कोटी अंशांच्या मापाचे असते, म्हणजे वर सांगितलेल्या नकाशाच्या मधल्या, दोन्ही अक्षांपासून दूरच्या भागात. त्या क्षणाच्या लहरी फार उच्च वारंवारतेच्या असल्याने २०१७ मध्ये त्या हाती लागल्या नाहीत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यात येत असलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेकडे आमच्यासारख्यांचे लक्ष आहे ते अशा टकरींची जागा आकाशात अधिक नेमकी सापडावी म्हणून. जागा लवकर कळली तर रेडिओ दुर्बिणी तिकडे लवकर वळवता येतात. २०१७ च्या त्या टकरीचा रेडिओ प्रकाश पुढे कित्येक महिने दिसत राहिला होता, आणि तो टिपणाऱ्या दुर्बिणींत खोडदची दुर्बीणही होती.